पोळ्यावालीचा टीबी

"तुमची ती पोळ्यावाली, तिला म्हणे टीबी झालाय."

पाटीलकाकू हॉलमध्ये बसून मम्मीला सांगत होत्या. मी आतल्या खोलीत होते, दार अर्धं लोटलेलं. एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या तळहातावर सकाळच्या गोळ्या. टीबीच्याच.

"हो का?" मम्मी म्हणाली.

"मी स्वतः पाहिलं ना. नातीला डोस द्यायला मनपाच्या दवाखान्यात गेले होते, तर ही रांगेत उभी. हातात थुंकीची डबी. मी लगेच तिचं काम बंद केलं. तुम्हीही करा बाई. घरात तरणी पोर आहे, त्यातून आत्ता कुठे टायफॉइडमधून उठतेय."

टायफॉइडमधून उठणारी ती पोर म्हणजे मी. नेमका तेव्हाच मला खोकला आला. उशीत तोंड खुपसून मी तो दाबला.

ती पोळ्यावाली म्हणजे आमच्या हिरकणअक्का, आणि त्यांच्या हातात ती डबी माझ्यामुळे आली होती. त्या हॉलमध्ये हे एकीलाच माहीत होतं आणि ती चहा गाळायला उठली होती.

*

ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तेव्हा शेवट आधीच सांगून टाकते: मी बरी झाले. जिना न थांबता चढते, गेल्या दिवाळीचा ड्रेस आता दंडात घट्ट होतो, आणि त्याचा मला फार आनंद होतो. एवढं कळल्यावर पुढचं निवांत वाचा.

नवरात्रापासून खोकला होता. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. दिवाळीचा फराळ समोर यायचा आणि मी चकलीकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहायचे. जळगावातल्या आमच्या पिंप्राळा भागातल्या डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, मग छातीचा फोटो काढायला लावला आणि फोटो पाहून म्हणाले, "मोठ्या दवाखान्यात दाखवा."

जळगावात मोठे दवाखाने पुष्कळ आहेत. तरी मम्मी मला धुळ्याला घेऊन गेली. तिथे मामा राहतो हे एक कारण. दुसरं कारण असं, की जळगावातली बातमी स्कूटरवर फिरते, धुळ्याहून यायला तिला बस लागेल, असा मम्मीचा अंदाज होता.

धुळ्याचे डॉक्टर तरुण होते. "टीबी आहे," ते म्हणाले. "बरा होतो. गोळी चुकवायची नाही, एवढंच."

मम्मी म्हणाली, "पण डॉक्टर, आमच्यात असं कोणाला नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यात म्हणजे कोणात?"

मम्मी गडबडली. "म्हणजे, आमच्याकडे रोज फिनाईलने फरशी पुसतात."

"पुसत राहा," डॉक्टर म्हणाले आणि औषधं लिहू लागले.

मला रडू आलं नाही. मला आठवीतलं पोस्टर आठवलं. आमच्या इंग्लिश मीडियम शाळेत आरोग्य सप्ताहात मी टीबीवर चित्र काढलं होतं. अंगात फाटकी बनियन, हातात विडी, मागे पत्र्याची झोपडी, आणि खोकणारा हाडकुळा माणूस. पहिला नंबर आला होता. त्या चित्रात मला स्वतःसाठी जागा सापडेना. मामाच्या घरच्या आरशात पाहिलं तर बनियन आणि विडी सोडून बाकी बरंच जमलेलं होतं.

*

छातीत पाणी झालं होतं, ते काढायचं म्हणून बायकांच्या वॉर्डात ठेवलं. मी मुळात अबोल. अनोळखी माणसांत मी मोबाइल पाहते, आणि मोबाइलची बॅटरी संपली तरी पाहत राहते.

शेजारच्या खाटेवर दोंडाईच्याच्या रेशमाबाई होत्या. दोंडाईच्याला लाल मिरची मैदानात पसरून वाळवतात, त्या पथारीवर त्या मिरच्या खुडायला जायच्या. त्यांनी दोन दिवस मला नुसतं निरखलं. तिसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली.

"तुले कसा व्हयना वो बाई?"

"माहीत नाही."

"मिरच्या खुडस का?"

"नाही."

"विडी वळस?"

"नाही."

"मालक दारू पेस का?"

"माझं लग्न नाही झालं अजून."

त्यांनी छताकडे पाहत विचार केला. "मंग तं तुना हक्कच नही या आजारवर."

अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. माझा खोकला थांबेपर्यंत सगळ्या थांबल्या, आणि मग उरलेलं हसू पूर्ण केलं. हसण्यासाठी माझी वाट पाहणारी माणसं मला पहिल्यांदाच भेटली.

तिथला दिवस लवकर सुरू व्हायचा. झाडू, ताप मोजणं, चहा, आणि मग ते प्लास्टिकचं खेळणं, ज्यात श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे. तिसरा चेंडू कोणाचाच वर जात नसे. जिचा जाईल तिला सगळ्यांनी जेवणातलं केळं द्यायचं, असं ठरलं होतं. ती केळी शेवटी जिची तिनेच खाल्ली.

एकदा रेशमाबाईंना विचारलं, "घरची आठवण येते का?"

"घर कोठे जास?" त्या म्हणाल्या. "आजार बी जाई. पन पथारीवरनी मनी जागा दुसरीनी लिधी तं ती कोठे भेटी?"

मला तेव्हा ते पुरतं समजलं नव्हतं. माझ्या आजाराने माझं काहीच जात नव्हतं. बँकेच्या परीक्षेची पुस्तकं घरी टेबलावर जशीच्या तशी होती.

*

घरी आल्यावर मम्मीने जाहीर केलं, "टायफॉइड."

एक खरी गोष्ट सांगते, कारण मला कोणी आधी सांगितली नव्हती आणि मी घाबरून बाथरूममध्ये बसून राहिले होते. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. रक्त नाही, काही नाही. नारिंगी. सवय होते.

आणखी एक. भूक लगेच येत नाही. डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली होती आणि आमच्या घरात अंडं येत नाही. पप्पा डाळ मिलमध्ये हिशेब लिहितात, आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी पाणीसुद्धा गरम केलेलं नाही. त्यांनी गच्चीवर जुना स्टोव्ह नेला आणि पाण्याच्या टाकीमागे बसून अंडी उकडू लागले. मम्मी ते पाहिलं नाही असं दाखवायची. टरफलं ते खिशात घालून मिलमध्ये घेऊन जात. पहिलं अंडं इतकं उकडलं होतं की ते जमिनीवर पडून परत उडालं.

मम्मीने माझं ताट वेगळं केलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. पप्पांनी काही वाद घातला नाही. माझं जेवण झालं की त्या ताटात उरलेली भाजी ते पोळीने पुसून खायचे आणि म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." आठवड्याभरात ताट परत सगळ्यांच्यात गेलं.

*

टीबीच्या कामावरच्या एक ताई घरी यायच्या. मम्मीने त्यांना विनंती केली होती की गळ्यातलं ओळखपत्र कॉलनीच्या कोपऱ्यावरच काढून ठेवा. लोकांना त्या विमा एजंट वाटत. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात रोज कोण कोण असतं? सगळ्यांना तपासायचंय."

"आम्ही तिघं," मम्मी म्हणाली.

मी म्हणाले, "आणि हिरकणअक्का."

हिरकणअक्का आमच्याकडे आणि कॉलनीतल्या आणखी काही घरी पोळ्या करायच्या. मूळच्या पारोळ्याकडच्या. माझ्याशी बोलताना मला 'मॅडमबाई' म्हणायच्या, कारण लहानपणी मी त्यांना पाणी मागताना 'प्लीज' म्हटलं होतं आणि ते त्या विसरल्या नव्हत्या. एकदा पोळपाटाशी बसल्या की सगळ्या घरांच्या बातम्या तिखटमीठ लावून सांगायच्या. तिखट जरा जास्तच.

मम्मीने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. सावद्याचं स्थळ येतंय, केळीचे व्यापारी आहेत, पाटीलकाकूंच्या नात्यातले, त्यांच्याच मध्यस्थीने चाललंय. "कोणाला बोलू नको, हिरकण."

"मी कसाले बोलू, वहिनी?" अक्का म्हणाल्या. बातमी पोटात ठेवणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्या डबी घेऊन दवाखान्यात गेल्या आणि चिडून परत आल्या. "मी थुंकनू तं तो म्हने, ही लाळ शे, बेडका लई या. आते नही बेडका तं कोठून आनू? बाजारमझार भेटस का?"

पुन्हा गेल्या. छातीचा फोटोही काढला. सगळं साफ निघालं. "डॉक्टर म्हने, बैलनी छाती शे तुनी," हे त्यांनी मला बरेचदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी बैल थोडा मोठा होत गेला.

दुसऱ्यांदा गेल्या होत्या तेव्हाच पाटीलकाकूंनी त्यांना रांगेत पाहिलं. पोळ्यावाली, सरकारी रांग आणि डबी. काकूंना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

*

काकू चहा पिऊन गेल्या, त्या दिवशीही अक्का दुपारीच आल्या. पूर्वी सकाळी यायच्या. वेळ का बदलली, हे मी तोवर विचारलंच नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "अक्का, तुमची घरं बंद झाली?"

"व्हई गयात." त्या कणीक मळत राहिल्या. "पयले पाटीलबाई. मंग जोशीबाई. मंग वरला मजलावाली. आते सकायले टेम्पोमा बसीसन केळीना पॅकिंगले जास. कंबर राहत नही दुपारपावत."

"तुम्ही सांगितलं नाही का, तुम्हाला काही नाही म्हणून?"

"सांगं ना. जोशीबाई म्हने, आज नही निघना तं उद्या निघी, तुम्हा लोकांचं काय सांगावं." शेवटचे शब्द त्यांनी जोशीकाकूंच्या आवाजात म्हटले, अगदी हुबेहूब.

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

अक्कांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "घेती तं कोनी मानी? पोळ्यावाली म्हनस, मॅडमबाईले टीबी व्हयना. हाई घर बी गया असता मना हातनं." मग गोळा जरा जोरातच परातीत आपटला. "आनि तू आते इचारस. महिना व्हयना."

"सॉरी."

"काय सॉरी? रडू नको. माले कोनी कीव नको. मना घरे परत पायजेत."

अखाजी जवळ येत होती. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी आमरसाबरोबर पुरणाचे मांडे होतात. उलट्या मातीच्या खापरावर, रुमालाएवढे मोठे. ते लाटण्याने होत नाहीत. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत नेत वाढवावी लागते. कॉलनीत ते फक्त हिरकणअक्कांना यायचं आणि त्या मांड्यांवर त्यांचा पावसाळा निघायचा. आता ज्या हातांच्या पोळ्याही कोणी खाईना, त्या हातांवर झुललेला मांडा कोण खाणार होतं?

संध्याकाळी मी मम्मीला म्हणाले, "आपण सांगून टाकू."

ती मटार सोलत होती. "अखाजीपर्यंत थांब. सावद्याचं ठरू दे. मग मी स्वतः सांगते."

"ठरल्यावर त्यांनाही सांगणार?"

सोललेले दाणे सालांत आणि सालं दाण्यांत पडू लागली. पप्पा पेपरमागून म्हणाले, "मला विचाराल तर मी टाकीमागे बसून दमलोय."

मम्मीला त्याही परिस्थितीत हसू फुटलं. पण ती हो म्हणाली नाही. आणि मला, खरं सांगायचं तर, काकूंसमोर तोंड उघडायची कल्पनाच सहन होत नव्हती. माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मी त्याचं मराठी करते, आणि तोवर लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

*

अखाजीच्या आदल्या आठवड्यात माझी शेवटची तपासणी झाली. धुळ्याचे डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "झालं. आता येऊ नका." घरी येताना बसस्टँडवर मी भजी खाल्ली. मग मम्मीच्या प्लेटमधलीही खाल्ली. मम्मी बघत राहिली आणि आणखी एक प्लेट घेऊन आली.

मम्मीने तिच्या परीने एक धाडस केलं. अखाजीला चैत्राचं शेवटचं हळदीकुंकू ठेवलं, कॉलनीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि अंगणात चूल मांडून मांडे करायला हिरकणअक्कांना बसवलं. कोणाला काही न सांगता सगळं आपोआप नीट होईल, असं तिला वाटलं असावं.

अक्का नवी साडी नेसून आल्या होत्या, हातात हिरव्या बांगड्या भरून. मांडे करताना त्यांनी त्या काढून पदराच्या गाठीत बांधल्या. खापर तापलं. पहिला मांडा त्यांच्या हातांवर असा पसरत गेला की झोक्यावरच्या पोरींनी पाय टेकून झोका थांबवला.

बायका आल्या. कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली, आणि मग प्रत्येकीला काहीतरी झालं. जोशीकाकूंचा उपास निघाला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आत्ताच जेवून आल्या होत्या. एकीची दाढ दुखायला लागली. पाटीलकाकू म्हणाल्या, "मला शुगर आहे ना, पुरण चालत नाही." गेल्या अखाजीला त्या आमच्या हॉलमध्ये बसून मांड्यामागून मांडा खात होत्या आणि रस वाटीने नको, तांब्याने द्या म्हणत होत्या.

अक्का मान वर न करता मांडे करत राहिल्या. एकावर एक घड्या पडत गेल्या. कोणी उचलत नव्हतं. खालचे मांडे कडक व्हायला लागले, तसं त्यांनी त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं, आणि पुढचा गोळा हातात घेतला.

मम्मी म्हणाली, "अहो, घ्या ना, हिरकणला काही..." आणि तिथेच अडली.

मी एक ताट घेतलं आणि चुलीकडे निघाले. पाटीलकाकूंनी माझा हात धरला. आवाज खाली करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, त्या म्हणाल्या, "श्रुती, तू तरी नको हं. आत्ताच टायफॉइडमधून उठलीयस. या लोकांच्या अंगात काय असतं सांगता येत नाही."

मग मी बोलले. काय बोलले ते शेवटी सांगते, आधी त्यानंतरचं सांगून टाकते, कारण असंच काही मनात धरून बसलेल्यांना ते जास्त उपयोगी आहे.

आकाश कोसळलं नाही. पाटीलकाकूंनी माझा हात सोडला, खुर्चीवर बसल्या, पाणी मागितलं, आणि बऱ्याच वेळाने एक मांडा घेतला. रागाने खाल्ला, पण खाल्ला. जोशीकाकूंचा उपास सुटला. एका घराने अक्कांना परत कधी बोलावलं नाही, बाकीच्यांनी बोलावलं, आणि त्यांचं केळीच्या पॅकिंगला जाणं सुटलं. सावद्याहून काही निरोप आला नाही. मम्मी थोडे दिवस फोनकडे पाहत राहिली, मग तिने स्टोव्ह गच्चीवरून खाली आणला आणि स्वयंपाकघरात ठेवला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी दुसऱ्या दिवशी जिन्यात थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "धुळ्याचा कोणता दवाखाना गं? माझा भाऊ खोकतोय." मी त्यांच्याशी जिन्यातच खूप वेळ बोलत बसले. इतकं मी त्या जिन्यात आजवर बोललेले नव्हते.

आता ते अंगणातलं बोलणं. या वेळी मनात आधी काही जुळवलं नव्हतं. सरळ मराठीतच आलं, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्या आवाजात.

"काकू, टायफॉइड नव्हताच. टीबी होता आणि तो मला होता. अक्का दवाखान्यात माझ्यामुळे गेल्या होत्या, त्यांना काही निघालं नाही. मीपण आता बरी आहे, आणि मला खूप भूक लागलीय. अक्का, वाढा."